कोठीत जमा झालेला नाच

किल्लीताईंच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा लागला तो त्यांची मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी. आता मुलीची मुलगी शाळेत जाते.

शहराच्या टोकाला एक बंद पडलेली सूतगिरणी होती. तिथे देशोदेशीचे चित्रकार, शिल्पकार आणि नाचणारे काही महिने राहून काम करायला येत. त्यांना खोली मिळे, जेवण मिळे, हातपाय पसरायला मोठी दालनं मिळत. बदल्यात अट एकच: जाताना इथे केलेली एक गोष्ट मागे ठेवून जायची. ती ठेवायची जागा म्हणजे तळघरातली कोठी, आणि कोठी म्हणजे किल्लीताई.

कोणी भिंतीएवढं चित्र ठेवून गेलं होतं, कोणी सायकलच्या ट्यूबांचा हत्ती, तर एका बाईने स्वतःच्या केसांची विणलेली चटई. ताईंनी कशालाच नावं ठेवली नाहीत. चित्रांना वारा, लाकडाला तेल, चटईला डांबरगोळ्या, असं ज्याचं त्याला देत गेल्या. "त्यातलं तुला कळतं का काही?" असं नणंदेने एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "माझ्याकडे सामान ठेवलंय, परीक्षेचा पेपर नाही."

नाचणाऱ्यांकडे ठेवण्यासारखं काय असणार? ते बहुतेक व्हिडिओ देत. पण दहा-अकरा वर्षांपूर्वी एक पोरगी आली होती, डोकं पार गुळगुळीत. सगळे तिला पाठीमागे टकली म्हणत, आणि तिला अर्थ कळून ती हसल्यावर तोंडावरही म्हणायला लागले. जायची वेळ आली तेव्हा टकलीने व्हिडिओ द्यायला साफ नकार दिला. कॅमेऱ्यात उरतो तो आपला नाच नव्हे, असं तिचं म्हणणं. मॅनेजरबाईंनी तिला नियम ऐकवला: कोठीत काहीतरी जमा झालंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दुपारी टकली कोठीच्या दारात उभी. तिने ताईंच्या छातीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "जमा." तेवढा एकच शब्द ती शिकून आली होती.

ताई तेव्हा पंचेचाळिशीच्या. सख्ख्या भावाच्या लग्नातसुद्धा त्या भिंतीला धरून उभ्या होत्या. पण नियमाचं काम म्हटल्यावर त्यांनी चपला काढल्या आणि टकली करेल तसं करायला लागल्या. भिंतीपासून चालत यायचं, थांबायचं, दोन्ही हात मागे नेऊन आपल्याच पाठीवर काहीतरी शोधायचं, मग खाली जमीन आहे की नाही अशी शंका असल्यासारखं सावकाश बसत जायचं आणि तसंच उठायचं. टकली गेली त्या दिवशी मॅनेजरबाईंनी हसत हसत सामानाच्या यादीत लिहिलं, "नाच, एक नग," आणि ताईंची सही घेतली.

पुढे सगळे ते विसरले. ताईंना विसरून चालणार नव्हतं. चित्रांना वारा द्यायच्या दिवशी त्या दाराला कडी घालत आणि तोही एकदा काढून बघत. घरी बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर नवऱ्याने आधी कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

मग गुडघेदुखीने उचल खाल्ली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर मस्त चालाल, पण जमिनीवर बसणं विसरा. नोकरी पुरे, असं घरच्यांनी ठरवलं. ताईंचा चेहरा उतरलेला बघून नणंद म्हणाली, "जमिनीवर बसून तुला कुठला गड जिंकायचाय, वहिनी?" ताईंनी भाजीचं पातेलं तिच्यापुढे सरकवलं.

ताईंच्या जागी आले ते टायरच्या गोदामात उभा जन्म काढलेले एक गृहस्थ. बांधा आडवा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. "मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करत नाही," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. ट्यूबांचा हत्ती बघून त्यांनी कौतुकाने मान डोलावली. त्यातल्या ट्यूबा ते ओळखत होते. एकेक वस्तू बघत शेवटी विचारलं, "नाच, एक नग. हा कुठंय?"

गहाळ म्हणून सांगायचं, असं ताई सकाळी घरूनच ठरवून निघाल्या होत्या. या वयात परक्या पुरुषासमोर कोण नाचणार? पण इतक्या वर्षांत कोठीतला एक खिळा गहाळ झाला नव्हता.

"कडी घाला दाराला," त्या म्हणाल्या.

"कडी कशाला?" गोदामवाले दचकले.

"दाखवते ना."

त्यांनी दाखवला. बसताना मात्र त्या रॅकला धरून अर्ध्यातूनच वर आल्या. गोदामवाल्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

"आला तेव्हा असाच होता?"

"नाही. पूर्ण खाली जायचं असतं. दोन वर्षं झाली, मला जमत नाही."

"मग वापराने झीज, असं लिहू?"

"लिहा."

लिहून झाल्यावर त्यांनी पेन खिशाला अडकवलं. "पण ताई, मी हा ठेवू कुठे?"

"चपला काढा."

"मी?"

"मग काय हत्तीला शिकवू?"

गोदामवाल्यांनी खिशातलं पेन, मोबाईल, चष्मा असं एकेक रॅकवर ठेवलं. "माझ्या बायकोला कळलं ना..."

"माझ्या नवऱ्याला अजून कळलेलं नाही."

ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत शिकवणी चालली. कपाट सरकवावं तसे गोदामवाले वळत. "डावा. तुमचा डावा, भाऊ." हात मागे नेले की शर्टाची बटणं ताणली जात. पण टायर उचलून उचलून मांड्या खांबासारख्या झालेल्या. शेवटच्या दुपारी ते न थांबता, न डगमगता खाली खाली गेले, टाचांवर टेकले आणि तितक्याच संथपणे उठले.

टकली गेल्यापासून ताईंनी हे पाहिलंच नव्हतं. नाच त्यांच्याजवळ होता. पण आपण करतोय ते आपल्याला कुठून दिसणार? तो असा दिसतो तर. त्यांना बरं वाटलं, आणि एखाद्याने आपली वस्तू आपल्यादेखत सहज उचलून न्यावी तसा थोडा रागही आला.

"बरोबर झालं का?" धापा टाकत गोदामवाल्यांनी विचारलं.

"मान फार ताठ ठेवता," ताई म्हणाल्या. त्यांनी भिंतीजवळचं स्टूल ओढलं आणि त्यावर नीट बसल्या. "परत करा. पहिल्यापासून."