काकांवर हरकत

मला लिहायची सवय नाही. कोर्टात लघुलेखक होतो. जन्म दुसऱ्यांचं बोलणं उतरवण्यात गेला. तरी पुतणीबद्दल चार ओळी लिहाव्यात असं वाटतंय. जमतील तशा.

ती कायद्याच्या चौथ्या वर्षाला आहे. घरात तिला तोफ म्हणतात. परदेशात भरणाऱ्या व्यापारी लवादाच्या स्पर्धेसाठी तिनं चार महिने रात्रंदिवस घासून तयारी केली. तंटा काल्पनिक: एका देशातल्या कंपनीनं दुसऱ्या देशात विकलेले पंप जहाजातच गंजले, तर दोष कोणाचा? तयारी करणारी ही पोरं सकाळी विकणाऱ्याकडून भांडायची, दुपारी घेणाऱ्याकडून. वहिनींनी एकदा विचारलं, "अगं, पण खरं कोणाचं?"

"आई, किती वाजलेत ते बघून सांगते."

निवडीच्या दिवशी संघात एकच जागा उरली होती आणि उमेदवार दोघं. निवाडा देणाऱ्या तीन लवादांपैकी एक आजारी पडले. तिच्या प्राध्यापक मॅडम मला कोर्टातल्या दिवसांपासून ओळखत होत्या. आमचं नातं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी मला ऐनवेळी बोलावून घेतलं. "बसा हो, तीस वर्षं ऐकलंयत तुम्ही." मला कोणाला नाही म्हणता येत नाही. नातं सांगायचं अगदी ओठांवर आलं, तेवढ्यात मुलं आत आली आणि राहून गेलं.

तोफ उभी राहिली. पंपांबद्दल अवाक्षर न काढता म्हणाली, "आधी एक हरकत. डावीकडचे लवाद माझे सख्खे काका आहेत. हे त्यांनी स्वतःहून जाहीर करायला हवं होतं."

हशा पिकला. माझे कान तापले. मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "हरकत मान्य. काका, उठा आता." चष्मा उचलून मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो.

उरलेल्या दोन लवादांच्याच गुणांवर निकाल लागला. एका गुणानं ती निवडली गेली.

घरी येताना मी म्हणालो, "चारचौघांत लाज काढलीस ना माझी! कानात सांगायचं होतंस."

"नियम आहे, काका. आणि खरं सांगा, किती देणार होतात मला?"

पक्षपात म्हणजे आपल्या माणसाला झुकतं माप, एवढंच मी समजत आलो होतो.

"पाच गुण कापून ठेवले होते," मी म्हणालो. "तू तोंड उघडायच्या आधीच. लोक काय म्हणतील म्हणून."

"वाटलंच मला," ती म्हणाली. "बरं झालं उठवलं तुम्हाला."

मलाही तसंच वाटलं.