परत येण्याचा अंक

भुसावळच्या वैशाखात दुपारी गच्चीवर पापड टाकला तर तो नुसता वाळत नाही, भाजून निघतो, आणि दुसरी बाजू कच्ची राहू नये म्हणून आपला आपण उलटतो. हे कोणी पाहिलंय म्हणाल तर कोणी नाही, कारण त्या वेळी गच्चीवर जाऊन शुद्धीत खाली आलेला माणूस अजून भेटायचाय. अशा दुपारी प्रल्हादनाना भंगाळे कूलरसमोर सतरंजीवर आडवे पडलेत. झोप उंबऱ्यापर्यंत आलीय, आत यायला लाजतेय. छातीवर एक कॉमिक उघडं आहे. त्यात पिवळ्या पोशाखातली एक बाई एका हाताने विमान थोपवतेय आणि दुसऱ्या हाताने केस सावरतेय.

नाना रेल्वेतले निवृत्त गार्ड. पण गल्लीत त्यांची ओळख पोथीवाले नाना अशी. श्रावण आला की अंघोळ, धूतवस्त्र, ठवणीच्या लाकडी कैचीवर पोथी, आणि समोर बायका वाती वळत बसलेल्या. त्यामुळे आठवड्याभरापूर्वी नानांनी आयुष्यातलं पहिलं कॉमिक वाचायला घेतलं तेव्हा त्यांना दुसरी कुठली रीत ठाऊकच नव्हती. त्यांनी अंघोळ केली, निरांजन लावलं, ठवणीवर कॉमिक मांडलं आणि खणखणीत चालीवर पहिली ओळ म्हटली, "धडाम्‌." शेजारचे फालकगुरुजी काठी घेऊन धावत आले. त्यांना वाटलं, नाना पडले.

"हे काय करून राहिले तुम्ही?" सुलोचनाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्या दिवशी विचारलं.

"वाचतोय."

"तिचं?"

"तिचंच."

त्यावर त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ एकच पातेलं घासत राहिल्या.

तिचं म्हणजे शलाकाचं. नानांची एकुलती एक. पुण्यात बँकेत होती आणि दिवाळीत डेंग्यूने गेली. नाना निघाले होते, पण गाडी मनमाड सोडून दौंडकडे लागली होती तेवढ्यात ती गेली. गेल्या आठवड्यात तिची मैत्रीण गौतमी कॉमिक्सची खोकी घेऊन घरी आली. काय बोलावं ते त्या पोरीला सुचेना, म्हणून म्हणाली, "काका, यातलं कोणी कायमचं मरत नाही. ही पिवळ्या पोशाखातली तडिता तर दोनदा मेली. येते परत."

नाना म्हणाले, "कुठल्या अंकात?"

गौतमी हसणार होती. नानांचा चेहरा पाहून हसली नाही. "असेल यातच कुठेतरी," म्हणाली.

तेव्हापासून नाना तो अंक शोधतायत. बायकोला सांगितलेलं नाही. कसं परत यायचं ते एकदा वाचायला मिळालं की पुढचं पुढे, असा त्यांचा हिशेब आहे. हिशेबात काही चुकतंय हे त्यांनाही कळतं. पण चूक नेमकी कुठल्या ओळीत आहे ते त्यांना बघायचं नाही.

कूलरमधलं पाणी टपटपतं. टपटपीला लय येते, लयीला चाकं फुटतात, आणि नाना मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसलेत. बाहेर केळीच्या बागा मागे मागे चालल्यात. हातात तेच कॉमिक.

"नाना, उलटं धरलंय तुम्ही."

समोर गार्डाच्या काळ्या पत्र्याच्या पेटीवर शलू बसलीय. पाय लोंबकळतायत, जमिनीला टेकत नाहीत, म्हणजे चौथी-पाचवीतली असावी. पण मनगटावर पहिल्या पगारातून घेतलेलं घड्याळ आहे. नानांना त्यात काही वावगं वाटत नाही.

"उलटं नाही," नाना म्हणतात. "मागून बघतोय. शेवट आधी कळलेला बरा."

"जन्मभर शेवटच्या डब्यात बसलात म्हणून पुस्तकालाही शेवटच्या डब्यातून चढायचं?"

"मग चढू कुठून? पोथी पहिल्या अध्यायापासून लावायची असते. तुझ्या खोक्यात पहिला आहे कुठे? एकदम दीडशेच्या पुढेच सुरू. ही बाई कोण, हिचे आईबाप कोण, हिला विमान धरायला सांगितलं कोणी, काही पत्ता नाही."

"पहिला मलाही कधी मिळाला नाही." शलू पाय हलवते. "तुम्ही पहिल्यांदा आणून दिलं होतं ना, ते कोणीतरी गाडीत विसरलेलं. पुढची पानं गायब, मागच्या पानांवर भज्यांचं तेल. मधली तेवढी धड होती."

"त्यातून काय कळलं तुला?"

"तडिता पूल धरून उभी होती. वरून मालगाडी चाललेली. शेवटच्या डब्यात एक माणूस, एवढुस्सा. मला वाटलं, तुम्हीच. झालं, एवढं पुरलं मला. नाना, जिथून हातात येईल तिथून वाचायचं. बाकीचं हळूहळू जमत जातं."

नाना कॉमिक सरळ करतात. चष्मा नाकावर चढवतात आणि वाचतात, "'आई, मी आहे. दार उघड.' 'कोण आहे बाहेर?'"

शलू तोंडावर हात धरून हसते. "वरचा फुगा आधी, नाना. बोलणं फुग्यात असतं, आणि वरचा फुगा आधी वाचायचा. तुम्ही उत्तर आधी वाचता आणि मग प्रश्न विचारता."

"तसंच झालं होतं," नाना म्हणतात. "गौतमीचा फोन आला, तर ती आधीच म्हणाली, काका, आता घाई करू नका, सावकाश या. मग मी विचारलं, शलू कशी आहे."

शलूचे पाय थांबतात.

मंडपात बायका बसल्यात. चाकांचा आवाज चालूच आहे, पण त्याची आता टाळी झालीय. नाना ठवणीसमोर, शलू पहिल्या रांगेत वाती वळतेय आणि तिच्या सगळ्या वाती वाकड्या होतायत. लहानपणीही होत असत.

"धडाम्‌," नाना चालीवर म्हणतात. बायका हात जोडतात.

"ते कोणी बोलत नाही, नाना," शलू कुजबुजते. "तो आवाज आहे."

"मग वाचायचा नाही?"

"ऐकायचा. आणि अक्षरांवरून असे पळू नका. आधी चित्र बघा. एका चित्रावर उभे राहा जरा, स्टेशन आल्यासारखे."

नाना बघतात. एका चौकटीत तडिता भिंतीला टेकून पडलीय, पिवळा पोशाख फाटलाय. मग पांढरी पट्टी. पुढच्या चौकटीत तिची आई दोरीवर कपडे वाळत घालतेय आणि दारात कोणीतरी टोपी हातात घेऊन उभं आहे.

"मधे काय झालं?" नाना विचारतात.

"ते छापत नाहीत. त्या पांढऱ्या पट्टीत काय झालं ते वाचणाऱ्याने आपलं आपण भरायचं."

"मग ते मला येतं," नाना म्हणतात. "दिवाळीपासून तेच करतोय. मनमाड ते दौंड. रोज भरतो, रोज वेगळं भरतं." ते पानावरून नजर काढत नाहीत. "फार दुखलं का गं?"

शलू हातातली वात उलगडते, परत वळते. "झोप येत होती, नाना. तुम्ही येताय म्हटल्यावर जागी राहिले होते बराच वेळ. मग नाही राहवलं."

नाना मान हलवतात. बायका उठून गेल्यात. मंडपाच्या खांबांवर आता फलाटांचे आकडे आहेत, आणि शलू पुस्तकांच्या गाड्याआड उभी आहे, तिशीतली, गौतमीने शेवटी पाहिली असेल तशी. गाड्यावर सगळी कॉमिक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंडाला टेप लावून.

"परत येते तो अंक दे," नाना म्हणतात.

"दुसरे चांगले आहेत. एकात ती माकडांची शाळा चालवते."

"शलू."

ती खाली वाकते आणि एक पातळ अंक काढून गाड्यावर ठेवते. नाना टेपचं टोक शोधतात. गार्डाची जाड बोटं, नखं शनिवारी कापलेली. टोक काही सापडत नाही. घरात दुधाची पिशवी असो की गोळ्यांची पट्टी, असलं सगळं शलूच उघडत असे.

"आधी ऐका तर," ती म्हणते. "हा मला कधीच आवडला नाही. लिहिणारा बदलतो ना, तेव्हा नव्याला ती जिवंत हवी असते. मग तो मागचं सगळं पुसतो. ती मेलीच नव्हती म्हणतो. मेली नाही म्हणजे कोणी रडलं नाही. आई रडली ती पानं झालीच नाहीत. ती आईच वेगळी. तडिता तिच्या दारावरून जाते आणि ओळखत नाही."

"आणि आई?"

"ती पण नाही ओळखत. तिला मुलगीच नव्हती असं करून टाकतात. सगळं पुसायचं म्हणजे सगळंच. तुम्ही ते भज्यांचं कॉमिक आणलंत, ते पण नाही. माझ्यासाठी बिनतिखटाचं भरीत वेगळं काढून ठेवायची आई, ते पण नाही."

फलाटावरून एक गाडी जाते. तिच्या खिडक्या चौकटी-चौकटींच्या आहेत आणि मधे पांढऱ्या पट्ट्या. नाना गाडी पूर्ण जाऊ देतात. शेवटचा डबा गेल्याशिवाय बोलायचं नाही ही त्यांची सवय.

"चालेल," ते म्हणतात.

"काय चालेल?"

"मला नको ओळखूस. मी पण नाही ओळखणार. पुण्यात राहा, नाहीतर आणखी कुठे राहा. कोणा दुसऱ्याची हो. कधी भुसावळवरून गाडीने गेलीस तर केळी घे खिडकीतून, मला काही कळणार नाही. जिवंत असलीस म्हणजे झालं."

शलू त्यांच्याकडे बघत राहते. मग ती नखाने टेपचं टोक एका झटक्यात उचलते, टेप सोडवते आणि नानांच्या उजव्या हाताच्या पाठीवर चिकटवते.

"सांभाळा. नाहीतर पानाला चिकटतो आणि पान फाटतं."

ती अंक त्यांच्या हातात देते. नाना उघडतात. आधी चित्र बघतात, शिकवल्यासारखं. मालगाडीचा शेवटचा डबा आहे. त्यात एक म्हातारा गार्ड मजेत शेंगा फोडतोय. त्याला काही झालेलं नाही. त्याच्या काळ्या पेटीवर कोणी बसलेलं नाही, कोणी कधी बसलेलं दिसतही नाही. तिथे जेवणाचा डबा ठेवलाय. लांब आभाळात एक पिवळा ठिपका.

"ही तू?" नाना विचारतात.

ठिपक्याला फुगा नाही.

पान उलटायला त्यांनी बोट लावलंय. नुसतं उलटलं की ती जिवंत. पण त्या म्हाताऱ्याच्या चौकटीशेजारी आणखी एक चौकट आहे. स्वयंपाकघर आहे, ओट्यापाशी पाठमोरी बाई उभी आहे. ती पातेलं एकदाच घासते, पालथं घालते आणि दुसऱ्या कामाला लागते.

"थांब हं, शलू," नाना म्हणतात. "माझं ठरलं. पण तुझ्या आईलाही विसरावं लागणार, तिला विचारायला हवं. विचारून आलोच. जाऊ नकोस."

"नाना," शलू म्हणते, आणि तिचा फुगा तेवढ्यावरच संपतो.

कूलर टपटपतोय. सुलोचनाबाई दारात उभ्या आहेत, चहाचा कप घेऊन. "उठता का? पाच वाजले. झोपेत काय पुटपुटून राहिले होते?"

नाना उठून बसतात. घशाला कोरड पडलीय. बायको पाणी आणायला वळते तर ते घाईने म्हणतात, "थांब गं. एक सांग आधी. आपली शलू कुठेतरी असती. आपल्याला ओळखत नाही, आपण तिला ओळखत नाही, आपल्याला मुलगी होती हेच ठाऊक नाही. पण ती आहे, धडधाकट. तर चाललं असतं तुला?"

"चाललं असतं की," सुलोचनाबाई म्हणतात. श्वासही घेत नाहीत. "त्यात विचारायचं काय?"

नाना कॉमिक उचलतात. पिवळी बाई विमान थोपवून उभी. पुढचं पान उलटतात, मागचं उलटतात. माकडांचीही शाळा नाही यात. फलाट नाही. गाडा नाही. ते सगळी पानं एकदा पुढून आणि एकदा मागून बघतात, आणि मग कॉमिक मांडीवर ठेवून देतात.

"विचारायलाच आलो होतो," ते म्हणतात.

सुलोचनाबाई कप पुढे करतात. तो घ्यायला नाना उजवा हात पुढे करतात आणि दोघंही थबकतात.

हाताच्या पाठीवर टेपचा तुकडा चिकटलाय. तुकड्याखाली एक लांब काळा केस, टेपच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, टोकाला किंचित कुरळा. नानांच्या डोक्यावर केस नाही. सुलोचनाबाईंचे पांढरे, आणि दिवाळीनंतर त्यांनी कापून आखूड केलेले.

सुलोचनाबाई खाली बसतात. चष्मा नाही म्हणून चेहरा अगदी जवळ आणतात. बोट पुढे करतात, पण लावत नाहीत.

"सगळ्यात सापडायचा हिचा केस," त्या म्हणतात. "कणकेत सुद्धा."

कूलरचा वारा येतो आणि केसाचं टोक हलतं. सुलोचनाबाई हात लांबवून कूलर बंद करतात. खोलीत भट्टीसारखी धग भरू लागते. घामाने टेप सुटेल म्हणून त्या पदराने नानांच्या हातावर वारा घालत बसतात, केस उडणार नाही इतकं हळू.

नाना तो हात मांडीवर पालथा ठेवून अजिबात हलवत नाहीत, आणि जन्मात पहिल्यांदा डाव्या हाताने चहा पितात.