माझा मिड-मेजर मेहुणा

माझा मेहुणा गिरीश आगाशे मला कधीच आवडला नाही, आणि आता आवडून घ्यायची इच्छाही नाही. ओहायोतल्या एका बेताच्या कॉलेजात तो गणित शिकवायचा. तिथल्याच डब्लिन नावाच्या गावात घर, बायको सुलेखा, आणि आई-वडील गेल्यावर पुण्याहून आणलेली धाकटी बहीण लता. नवा मराठी माणूस भेटला की नमस्काराआधी याचा प्रश्न तयार: "कॉलेज कुठलं?"

मी कराडचा इंजिनियर. लताला रीतसर मागणी घालायला गेलो तेव्हा म्हणाला, "प्रसन्न, मुलगा चांगला आहेस रे, पण कराड? पहिला आलास, पण कोणात?" लता म्हणाली, दादा मानेल, थोडं थांबू. दोन वर्षं थांबलो. त्याचा गळा धरावासा वाटे.

या गृहस्थाचा जीव मात्र स्वतःच्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये. इथली कॉलेजं आठ-दहांचे गट करून खेळतात. गटाला कॉन्फरन्स म्हणतात. मोठ्या विद्यापीठांचे गट ते मेजर. टीव्ही त्यांचा, पैसा त्यांचा. त्यांच्या खालोखाल जे उत्तम खेळतात, पण ज्यांना कोणी हिंग लावूनही विचारत नाही, ते मिड-मेजर. याचं कॉलेज त्यातलं. मोठे यांच्या कोर्टवर खेळायला येत नाहीत, आणि वर विचारतात, तुम्ही हरवलंत कोणाला?

शहाऐंशीच्या मार्चमध्ये टीमनं पंचवीस मॅचेस जिंकल्या आणि गटाची फायनल एका बास्केटनं घालवली. गट जिंकणाऱ्याला राष्ट्रीय स्पर्धेत जागा नक्की; बाकीच्यांना कमिटीची मर्जी. रविवारी टीव्हीवर नावं जाहीर होणार होती. लतानं मला मुद्दाम चहाला बोलावलं. दादा खुशीत असला की आजच शेवटचं विचारू, म्हणाली.

चौसष्ट नावं संपली. मोठ्या गटातली सहाव्या नंबरची टीम आत, गिरीशची बाहेर. तो उठून टीव्हीवरच ओरडायला लागला, "नुसती नावं बघून सिलेक्ट करतात, यार! पोरांचा खेळ बघा ना! एकदा चान्स तर द्या!" त्याचे डोळे खरंच भरले होते. मला क्षणभर दया आली, आणि त्या दयेचा मला अजून राग येतो.

"दादा," लता म्हणाली, "मग प्रसन्नचं काय?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"दोन वर्षं तूही नावच बघतोयस ना?"

गिरीशनं माझ्याकडे पाहिलं. लाजला असेल असं वाटलं, पण कसचं काय! "ते वेगळं," तो म्हणाला. "बहिणीसाठी मी बेस्टच बघणार. हे सगळं कॅन्सल कर, लता."

सुलेखावहिनींनी टीव्ही बंद केला. लता आत गेली ती कोट घालून, बॅग घेऊनच बाहेर आली.

"अगं, निघालीस कुठे?"

"लग्न करायला. तुझ्या 'हो'साठी थांबले होते. आता नाही थांबत."

तो नुसत्या मोज्यांनिशी अंगणातल्या बर्फात आला, आमच्या गाडीच्या काचेवर हात मारत "लता, लता" करत राहिला. तिनं काच खाली केली नाही. मी गाडी काढली. लता हायवे लागेपर्यंत हुंदके देत होती. मला मात्र, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं.