माळ्यावरची धामण

आमची थोरली, म्हणजे माझी मोठी जाऊ, बाहेरगावाहून आली की आधी उंबऱ्यावर थांबायची, नाकानं हवा ओढायची आणि आपल्या माघारी घरात कोण शिरलंय ते सांगायची. घूस, वटवाघळं, उदमांजर, साप, यांतलं कोण ते. कळंबच्या अलीकडं रानाला लागून आमचं कौलारू घर. जनावरांचा राबता माणसांपेक्षा जास्त.

मी नवी नवरी असताना एका दुपारी घरात आंबेमोहर शिजल्याचा वास सुटला. चुलीवर तर नाचणीची भाकरी होती. थोरली विधवा असली तरी घरातली कर्ती तीच, तेव्हा ही कुठंतरी चोरून भात रांधते, असं माझ्या डोक्यानं घेतलं आणि मी तोंड फुगवून बसले. कारण कळल्यावर ती पदर तोंडाला लावून पुष्कळ हसली. आढ्याकडं बोट करून म्हणाली, "उदमांजर मुतलंय गं. आपल्याकडं असला वासाचा भात त्याच्याच नशिबी." मग त्याची ये-जा कुठल्या कौलाखालून होते ते तिनं हुडकलं, वर पिल्लं नाहीत ना ते पाहिलं, आणि तेव्हा कुठं खाली मिरच्यांचा धूर केला. कोंडलेलं जनावरच चावतं, असं तिचं म्हणणं. ते गेल्यावर कौल नीट बसवून घेतलं.

सापाची कात सापडली की ती हातावर पसरून उजेडात धरायची. नागाची असली तर सगळ्यांना अंगणात काढून मागचं दार उघडं टाकायची आणि तो निघून जाईपर्यंत कुणाला आत फिरकू द्यायची नाही. धामण मात्र तिची लाडकी. आमच्या भागात धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते म्हणतात, म्हणून दिसली की लोक मारतात. माळ्यावर धामण दिसली तेव्हा माझे घरधनीही काठी घेऊन निघाले. त्यांची आई ते अंगावर पीत असतानाच गेलेली. त्यांना लहानाचं मोठं थोरलीनंच केलं होतं. ती शिडी अडवून उभी राहिली. "दूध नाय मिळालं म्हणून कोण मरत नाय रं. उंदरांनी कणगीतलं बियाणं खाल्लं तर काय पेरशील?" त्यांनी काठी ठेवून दिली. जनावरांच्या बाबतीत ते वहिनीचा शब्द कधी मोडत नसत.

प्लेग आगगाडीबरोबर कर्जतला आला त्या सालची गोष्ट. तिकडं उंदीर मरून पडू लागल्याची बातमी आली आणि शेजारीपाजारी घरं सोडून माळावर खोपी बांधू लागले. आमच्या माळ्यावरही सामसूम झाली होती. थोरली खूश, धामणीनं उंदीर संपवले म्हणून. एकदा चुलीपाशी मेलेला उंदीर सापडला, तोही तिनं चिमट्यानं उचलून बाहेर टाकला. हे म्हणाले, "वयनी, आपण बी माळावर जाऊ."

"धामणीचं काम हाय ते. तू गप जेव."

ते गप जेवले. आम्ही राहिलो.

मग यांना ताप भरला, जांघेत गाठ आली. आठवडाही निघाला नाही.

माणूस पोचवून आल्यावर आम्ही दोघी माळावर गेलो. मी रडल्याचं मला आठवत नाही. खोपीतली जमीन सारवत होते एवढं आठवतं. थोरली कुडाला टेकून बसली होती. ती म्हणाली, "धामण उंदीर गिळते गं. मारून टाकून देत नाय. मला ठावं हुतं." मी सारवत राहिले. राग आला असता तर बरं झालं असतं, पण आत काही हललंच नाही.

पाऊस तोंडावर आला तशी माणसं घरी परतली. थोरली आली नाही. तिनं खोप नव्यानं शाकारून घेतली आणि तिथंच राहिली. मी भाकरी घेऊन जायची. ती एकच विचारायची, "माळ्यावर काय वाजतं का गं?" मी नाही म्हणायची. मग ती भाकरी बाजूला ठेवायची आणि मी उठेपर्यंत तिला हात लावायची नाही.

भातं कापणीला आली तेव्हा एका सकाळी वर खुडबूड ऐकली. भाकरी देताना सांगितलं, "बाई, उंदीर आले." थोरली ओंजळीत तोंड घालून मोठ्यानं रडली. ते गेले तेव्हाही तिला असं रडताना मी पाहिलं नव्हतं. मग डोळे पुसून म्हणाली, "आता त्या घरात बिनघोर नीज," आणि माझ्यादेखत भाकरी मोडून खाल्ली. मला काही रडू आलं नाही. फडकं झटकून मी घरी आले.

पुढच्या उन्हाळ्यात ती खोपीतच गेली. मी अजून त्याच घरात आहे. उंदीर पोती कुरतडतात, बियाण्याची नासाडी करतात, लोक म्हणतात मांजर पाळ. मी पाळत नाही. वर खुडबूड चालू असली तरच मला झोप लागते.