म्हशींना मनाई

लहानपणी आमच्या चळवळीतल्या घरात खेळण्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. त्यामुळं कोल्हापुरातल्या आमच्या पाणथळीत डंपरनं मुरूम पडायला लागला, तेव्हा मी पहिलं काय केलं असेल, तर पत्रक काढलं. भराव थांबला. कुंपण आलं, ‘राखीव पाणथळ’ असा फलक लागला. आम्ही पेढे वाटले.

दोन वर्षांनी, या उन्हाळ्यात, पुन्हा आत गेले आणि जीव थाऱ्यावर राहीना. हळदी-कुंकू बदकं पोहायची तिथं पाणीच दिसत नव्हतं. नुसतं पाणकणसांचं गवत, माणसाच्या डोक्यावर वाढलेलं. बाकावर बसले, उठले, दुसऱ्या टोकाला जाऊन आले. बदक एकही नाही.

कुंपणाबाहेर एक मावशी विळा घेऊन उभ्या होत्या.

“पावणं, आत गवात कापू देत्यात काय?”

“नाही मावशी. मनाई आहे.”

“म्हशींस्नी बी न्हाय. कुण्या शहाण्यानं कागद काढलता म्हणं, म्हशी पाणी घाण करत्यात.”

तो कागद माझाच. मागण्या चार झाल्या होत्या. पाच असल्या की पत्रक भरदार दिसतं, म्हणून म्हशींना मनाईची ती पाचवी मी घातली होती. कुणाला काही न विचारता.

“मीच काढला होता,” मी म्हणाले.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मग बघ की आता! म्हशी शिरायच्या, गवात तुडवायच्या, तवा पाणी उघडं ऱ्हायाचं. आता बदकानं काय गवतावर पवायचं?”

“चूक झाली माझी, मावशी. खरंच...”

“चूक ऱ्हाऊ दे तुझ्याजवळ. चारा न्हाय, डुंबाय पाणी न्हाय. थोरली म्हस ह्या बाजारात इकायला काढलीया आम्ही. आत सोडायचं कुणाच्या हातात हाय, तेवढं सांग.”

त्यांना स्कूटरवर मागं बसवलं आणि तडक वनखात्याचं ऑफिस गाठलं. साहेब म्हणाले, अर्ज द्या, पाहणी करू.

“तवर म्हशीला अर्ज चारू व्हय?” मावशींनी विचारलं. साहेब हसले. मी टेबलावर हात आपटला, आवाज चढवला. तरी पाहणी महिन्यानंच झाली.

सकाळचे दोन तास म्हशी सोडायची परवानगी मिळाली. तोवर बाजार होऊन गेला होता. मावशींची उरलेली म्हैस काठाशीच घुटमळली, गुडघाभर पाण्यात थांबली.

“थोरली असती तर पार मधापातूर वाट पाडली असती,” मावशी म्हणाल्या. माझ्याकडं न बघता.