मुक्ताबाईंची बाळंतीण

मुक्ताबाईंवर मी लिहावं इतकी माझी त्यांची ओळख नव्हती. त्या दौंडच्या, वडील रेल्वेत, आणि चहात साखर घेत नसत. एवढंच मला माहीत. शिरूर तालुक्यातल्या आमच्या आरोग्य केंद्रात त्या नर्स होत्या, मी कंपाउंडर.

अठ्ठ्याहत्तर साली गावोगावच्या सुइणींना शिकवायचं काम त्यांच्याकडे आलं. धनुर्वातानं बाळं दगावत होती. सुइणींनी हात धुवावेत, नाळ कापायला उकळलेलं ब्लेड घ्यावं, इतकंच गळी उतरवायचं होतं. पण पहिल्याच दिवशी मुक्ताबाईंनी चिंध्यांची बाहुली काढली आणि कवठे येमाईच्या भागुबाई पदर सावरत उठल्या.

"चाळीस वर्सं बाळतपणं केली. आता भावली खेळू व्हय?"

त्या गेल्या की उरलेल्या अकराजणी जाणार, हे उघड होतं.

"उद्या एकदा या," मुक्ताबाई म्हणाल्या. "नाही पटलं तर अडवणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाळंतीण म्हणून मला सतरंजीवर निजवलं. रिकामा मीच होतो. अंगावर लुगडं, लुगड्याखाली बाहुली, बाहुलीला पायजम्याच्या नाडीची नाळ. नाडी माझीच होती असं त्या बायका पुढं गावभर सांगत. ते खोटं आहे.

मुक्ताबाईंनी बाहुली बाहेर काढली आणि नाळ न बांधताच ब्लेड लावलं.

"अगं बये, आधी बांध की," भागुबाई ओरडल्या. "रगात जाईल लेकराचं."

"मग आजी, तुम्हीच दाखवा."

भागुबाई पुढं येऊन बसल्या. माझं लुगडं सारखं करायच्या निमित्तानं मुक्ताबाई कानाशी वाकल्या. "हात धुवायचं मी सांगितलं तर त्या उठून जातील. तुम्ही विचारा."

बारा बायका बघत होत्या. शेवटी डोळे मिटून म्हणालो, "मावशी, हात धुतले का?"

भागुबाईंनी आपले हात उलटसुलट करून बघितले. मग म्हणाल्या, "बाळंतीण लई शानी हाय. आना साबन."

पुढं महिनाभर एकही गैरहजर राहिली नाही.

मुक्ताबाई नाळ बांधायला खरंच विसरल्या होत्या का, हे त्यांची बदली झाली तेव्हा शिरूरच्या स्टँडवर विचारणार होतो. एसटी सुरू झाली होती. घाईत मी खिडकीतून पेरू पुढं केला.

"हात धुतलेत का?"

"धुतलेत."

"मग द्या."