दादा म्हणजे वहिनी आल्याच

"दादा, तुमचा पासपोर्ट आहे का?" मी विचारलं.

दादांनी धाकट्या भावाकडे पाहिलं. धाकटा भाऊ, म्हणजे माझा अशील नितीन, माझ्या टेबलावरच्या पेनस्टँडकडे बघायला लागला. मला उत्तर मिळालं.

नितीन आणि शिल्पा डब्लिनला असतात. मुलगी सात वर्षांची, मुलगा तीनचा. दर खेपेला नाशिकला आले की मृत्युपत्र करायचं ठरायचं. मग नितीनच्या आई म्हणायच्या, "भरल्या घरात हे काय अभद्र." विषय संपला. या वर्षी मात्र शिल्पा हटून बसली, कारण थंडीत त्यांची गाडी रस्त्यावर घसरून कठड्याला लागली होती. गाडीत दोघंही. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण मुलं शाळेत होती आणि शिल्पा रस्त्याकडेला बसून एकच विचार करत होती, आपण दोघंही गेलो असतो तर पोरांना घ्यायला कोण गेलं असतं.

बुधवार होता. रविवारचं विमान होतं.

मृत्युपत्र म्हटलं की लोकांना फ्लॅट आणि एफडी आठवते. मुलं लहान असतील तर त्यात आणखी एक गोष्ट लिहायची असते, पालकाची नेमणूक. आई-वडील दोघंही गेले तर मुलांना कोणी वाढवायचं, ते नाव. दोघांची मृत्युपत्रं वेगळी करायची, पण दोन्हींत नाव एकच हवं. त्याच्यात काका आणि तिच्यात मावशी असं झालं की कोर्टात दोन्हीकडचे प्रेमळ लोक भांडतात. तसं भांडण मी पाहिलेलं आहे, पुन्हा बघायचं नाही. डब्लिनच्या कायद्याचं तिथल्या वकिलाला विचारा, हे मी आधीच सांगितलं होतं. पहिले काही दिवस मुलांना बघायला शिल्पाने तिथली शेजारीण मैत्रीण ठरवली होती. पुढे पालक म्हणून मुलांना आणायला जायचं दादांनी. म्हणून पासपोर्टचा प्रश्न.

"काढतो," दादा म्हणाले आणि घड्याळ बघितलं. अंबडला कंपनीत त्यांची सेकंड शिफ्ट होती.

मी ड्राफ्ट त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, दोन पानं उलटली. "ठीक आहे, मॅडम. सही कुठं करू?"

"सही तुम्ही नाही करायची. नितीन आणि शिल्पा करतील. तुमची फक्त तयारी हवी."

"ती आहेच की."

दादांची बायको, वंदनावहिनी, दाराजवळच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. माहेर वणीचं. तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या, आणि खरं सांगायचं तर मीही त्यांना काही विचारलं नव्हतं.

"मी वाचू का?" त्या म्हणाल्या.

त्यांनी सगळं वाचलं, बोट ठेवून, एकेक ओळ. आम्ही थांबलो.

"यात माझं नाव कुठंय?"

नितीन हसला. "अहो वहिनी, दादा म्हणजे तुम्ही आल्याच की."

"तसं लिहिलंय का, भाऊजी?"

तसं लिहिलं नव्हतं. ड्राफ्ट माझा होता. बावीस वर्षं वकिली करते, स्वतः बाई आहे, आणि मी बिनदिक्कत एकच 'श्री.' टाईप केलं होतं. उद्या दादांचं काही झालं तर कागदावर या बाईचा त्या मुलांशी काही संबंध नव्हता. कायद्याला 'आल्याच' कळत नाही. मला माझीच लाज वाटली.

"अगं, तू काय नाही म्हणणार होतीस?" दादा म्हणाले.

"विचारलं असतं तर सांगितलं असतं."

शिल्पाचा चेहरा उतरला. "वहिनी, तुम्हाला नको असेल तर स्पष्ट सांगा. मी राग नाही मानणार."

"नको नाय म्हणत मी," वहिनी म्हणाल्या. "माझी दोन वाढवली, ही बी वाढवीन. पण तुझी पोरगी मला ओळखते का? फोनवर 'हाय काकू' करते अन् पळते. नाशकात आलात की चार दिवस हॉटेल, चार दिवस तुझं माहेर. आमच्याकडं एक जेवण, ते बी घाईत. उद्या ती रडत माझ्या दारात आली तर मी कोण तिची? तिला काय आवडतं, कशाची भीती वाटते, मला काहीच ठाऊक नाय."

शिल्पा रडायला लागली. रडता रडताच म्हणाली, "दिवा चालू ठेवून झोपते ती. अंधाराला घाबरते."

"बघ. हे कुठं लिहिलंय?"

कुठेच नव्हतं. मी ड्राफ्ट मागे घेतला. पालक म्हणून दादा आणि वहिनी दोघांची नावं घातली, आणि शिल्पाला एक साधं पत्र लिहायला सांगितलं: मुलांचं खाणं, औषधं, सवयी, तो दिवा. अशा पत्राला कायद्याचं फारसं बळ नसतं. पण त्या दिवशी टेबलावर सगळ्यात कामाचा कागद तोच होता.

शुक्रवारी दोन साक्षीदारांसमोर सह्या आणि नोंदणी झाली. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. मुलं मात्र बुधवारीच हॉटेल सोडून दादांकडे गेली होती, ती रविवारपर्यंत तिथेच राहिली. वहिनींनी सांगितलं, पहिल्या दिवशी पोरगी तोंड फुगवून बसली, तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटायला पोळपाटाशी.

पासपोर्ट दोघांनीही काढले. वाईट वेळेसाठी काढलेल्या त्या पासपोर्टांवर पहिला शिक्का बसला तो पुढच्या उन्हाळ्यात, वहिनींच्याच पासपोर्टावर. मुलांना सांभाळायला त्या महिनाभर डब्लिनला गेल्या. दादांना रजा मिळाली नाही. परत आल्यावर मला फोन केला. "मॅडम, पोरगी आता फोन ठेवूच देत नाय."

माझ्या ऑफिसात अशिलाने भरायचा एक फॉर्म असतो. त्यात मी तेव्हापासून एक रकाना वाढवलाय: 'नेमलेल्या पालकाच्या पत्नीला विचारले का?'

बहुतेक जण तिथे 'लागू नाही' लिहितात. मी फॉर्म परत पाठवते.